घाटाच्या अलीकडे मुक्काम : न्यूझीलंडच्या हिवाळ्यात सहकुटुंब कॅम्परव्हॅन

मे महिन्याच्या शेवटी मुंबई-पुण्यात पंख्याखाली बसूनही घाम सुटत असतो, तेव्हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर जमलेला असतो. शाळेची मोठी सुट्टी आपल्याला नेमकी तेव्हाच मिळते. त्यामुळे महाराष्ट्रातून इथे कॅम्परव्हॅनने, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, फिरायला येणारी बरीच कुटुंबं हिवाळ्याच्या तोंडावर उतरतात, आणि बेत मात्र उन्हाळ्यातले फोटो बघून आखलेला असतो.

घाबरण्यासारखं यात काही नाही. मे अखेर ते जूनचा मध्य हा काळ खरं तर सोयीचाच आहे. व्हॅनचं भाडं उतरलेलं असतं, स्कीची गर्दी जूनच्या मध्यानंतर सुरू होते आणि इथल्या शाळांची हिवाळी सुट्टी जुलैत लागते. फक्त आखणी उलट्या टोकाकडून करावी लागते. उन्हाळ्यात माणूस आधी रस्ता ठरवतो आणि दमला की थांबतो. हिवाळ्यात आधी मुक्काम ठरवायचे आणि मग त्यांना जोडणारा रस्ता शोधायचा. ‘रोज किती किलोमीटर होतील?’ असं सगळे विचारतात. विचारायला हवं ते ‘दुपारी चार वाजता आपण कुठे असू?’

खाली जे लिहिलं आहे ते दक्षिण बेटाच्या नेहमीच्या फेरीबद्दल आहे: क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, टे आनाऊ, डनेडिन आणि परत क्राइस्टचर्च. पश्चिम किनारा यात मुद्दाम घेतलेला नाही. तिकडे जाऊन परत पूर्वेला यायचं म्हणजे आणखी दोन घाट ओलांडायचे. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना पहिल्याच हिवाळी फेरीत ते नको.

पायरी १ : दिवस केवढा आहे ते मोजा

जूनमध्ये क्वीन्सटाउनला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पाचला मावळतो. ही वेळही सपाट क्षितिजाची. डोंगरांच्या मध्ये ऊन त्याआधीच कड्यामागे जातं. सकाळी दहापर्यंत सावलीतल्या वळणांवर रात्रीचं गोठलेलं पाणी तसंच असतं, आणि संध्याकाळी चारला गाडी जागेवर लागलेली हवी, कारण अंधारात अनोळखी कॅम्पमध्ये मागे घेत घेत गाडी लावणं आणि विजेची तार शोधणं हे मुलं भुकेली असताना करायचं काम नाही.

म्हणजे हातात उरतात दहा ते साडेतीन. त्यातून जेवण, शौचालय, तळ्याकाठचे फोटो आणि ‘मला मळमळतंय’ वजा करा. प्रत्यक्ष चाक फिरतं ते तीन-साडेतीन तास. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो तो छोट्या मोटारीचा. व्हॅनसाठी त्यात पाव हिस्सा तरी वाढवून धरा. खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० आहे, पण साडेतीन टनांपेक्षा जड व्हॅनला ९०. वळणाच्या रस्त्यावर तेवढाही वेग ठेवू नये. या हिशेबाने दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर हा हिवाळ्यातला बेताचा टप्पा. एखादा दिवस जास्त चालेल, लागोपाठ दोन नाही.

सूर्याची आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, इथे तो उत्तरेकडे कलतो. डोंगराच्या दक्षिण उतारावरून जाणारा रस्ता दिवसभर सावलीत असू शकतो आणि तिथला बर्फ दुपारपर्यंत वितळत नाही. कॅम्पमध्ये जागा निवडतानाही हेच बघा: उत्तर आणि पूर्व मोकळी हवी. पूर्वेचं पहिलं ऊन समोरच्या काचेवर पडलं तर सकाळी खरवडायचं काम निम्मं होतं. दाट झाडाखालची जागा उन्हाळ्यात छान असते, आत्ता टाळा.

पायरी २ : नकाशावर घाट शोधा आणि त्यांच्या अलीकडे झोपा

सगळ्या आखणीत मी सर्वांत जास्त वजन या नियमाला देतो. घाट आणि लांबचा पल्ला एका दिवशी नको. घाटाच्या अलीकडच्या गावात मुक्काम करायचा, सकाळी रस्त्याची खबर घ्यायची आणि अकरा ते दोनच्या दरम्यान घाट ओलांडायचा. तेव्हा रस्ता जास्तीत जास्त कोरडा असतो, आणि काही अडलं तरी परतायला उजेड असतो.

या फेरीतले घाट असे. क्राइस्टचर्चहून टेकापोला जाताना फेअरलीनंतर बर्क्स पास लागतो, सुमारे ७०० मीटर. हा सौम्य आहे. ओमारामाहून वानाकाकडे जाताना लिंडिस पास, ९७१ मीटर. रुंद आणि देखणा रस्ता, पण बर्फ पडला की बंद होतो, आणि ओमारामा सोडल्यावर तो ओलांडेपर्यंत पेट्रोल पंप नाही. वानाका ते क्वीन्सटाउन जवळचा रस्ता क्राउन रेंजवरून जातो. माथा १,०७६ मीटरवर, देशातला सर्वांत उंच डांबरी हमरस्ता, आणि क्वीन्सटाउनच्या बाजूला उतरताना एकामागून एक तीव्र वळणं. हा रस्ता हिवाळ्यात मोठ्या व्हॅनने करू नका. काही भाड्याच्या कंपन्या तो विम्यातून वगळतात, पण परवानगी असली तरी करू नका. क्रॉमवेलवरून कावाराऊ नदीच्या घळीतून जाणारा रस्ता अंतराने जवळजवळ दुप्पट पडतो, पण ते सगळं मिळून ११५ किलोमीटरच आहे. त्या घळीतही सावलीचे तुकडे आहेत, म्हणून दुपारीच निघा.

क्वीन्सटाउनहून दक्षिणेला निघाल्यावर वाकाटिपू तळ्याच्या काठाने ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’ नावाचा भाग लागतो. तो घाट म्हणून नकाशावर उठून दिसत नाही, पण एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला तळं, आणि सकाळी घसरडा. इथेही दहाच्या आधी पोहोचायची घाई नको.

मग येतो मिलफर्ड साउंडचा रस्ता. टे आनाऊपासून १२० किलोमीटर, वाटेत १९५४ साली सुरू झालेला सव्वा किलोमीटर लांबीचा होमर बोगदा. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना हिमस्खलनाचा धोका असतो, म्हणून काही टप्प्यात थांबायलाच मनाई आहे आणि रस्ता अधूनमधून बंद ठेवतात. मे ते नोव्हेंबर बर्फाच्या साखळ्या, म्हणजे चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या, बरोबर असणं बंधनकारक आहे. टे आनाऊ सोडल्यावर लवकरच फोनची रेंज जाते. माझं मत स्पष्ट आहे: व्हॅन टे आनाऊला कॅम्पमध्ये उभी ठेवा आणि बसने जा. बसचे चालक हा रस्ता रोज करतात, तुम्हाला खिडकीबाहेर बघता येतं, आणि रस्ता बंद झाला तर पुढे काय करायचं हे बस कंपनी बघते. बोगद्यापाशी किआ नावाचे हिरवे पोपट भेटतात. गाड्यांचे रबर आणि वायपर कुरतडणं हा त्यांचा आवडता उद्योग. बसचे कुरतडू देत, तुमचे नकोत. त्यांना खायला मात्र काही घालू नका.

पायरी ३ : विजेच्या आणि बिनविजेच्या रात्री वाटून घ्या

इथे मुक्कामाचे ढोबळ तीन प्रकार आहेत. हॉलिडे पार्क, म्हणजे खाजगी कॅम्प: विजेचं कनेक्शन, गरम पाण्याची आंघोळ, मोठं सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची-वाळवण्याची यंत्रं. दुसरा, निसर्ग संवर्धन खात्याचे कॅम्प, ज्यांना सगळे ‘डॉक’चे कॅम्प म्हणतात: निसर्ग अप्रतिम, सोयी कमी, वीज बहुतेक नसतेच, आणि थंडीत काही ठिकाणी पाण्याचे नळ बंद केलेले असतात. तिसरा, फ्रीडम कॅम्पिंग, म्हणजे नेमून दिलेल्या सार्वजनिक जागी फुकट.

उन्हाळ्यात तरुण मंडळी आठवडाभर वीज न घेता फिरतात. हिवाळ्यात कुटुंबाला ते जमत नाही, आणि त्याचं कारण बॅटरीत आहे. व्हॅनमध्ये दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालवणारी वेगळी बॅटरी असते. छतावरचं सोलर पॅनेल जूनच्या तिरप्या उन्हात फारसं काही देत नाही, आणि दोन-तीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ती पूर्ण भरत नाही. डिझेल हीटर सुरू होताना बॅटरीतून बराच करंट ओढतो. अशा दोन रात्री सलग काढल्या की तिसऱ्या पहाटे हीटर सुरूच होत नाही, आणि नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त थंडी असते.

म्हणून हिशेब असा ठेवा: बिनविजेची रात्र फार तर एक, तिच्या आधी आणि नंतर विजेची. आजी-आजोबा किंवा अगदी लहान मूल बरोबर असेल तर सरळ सगळ्याच रात्री वीज घ्या. दोन ठिकाणी व्हॅनऐवजी पार्कमधली केबिन घ्या, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना मधे आराम मिळतो. व्हॅनमध्ये राहण्याची हौस त्यामुळे कमी होत नाही.

विजेच्या जागेवरही एकदम सगळं लावता येत नाही. पंख्याचा हीटर, किटली आणि इंडक्शन एकत्र लावलं की ट्रिप होतं. किटली उकळेपर्यंत हीटर बंद ठेवायचा, हे मुलांनाही शिकवा.

फ्रीडम कॅम्पिंग: कुठे चालतं, कुठे नाही

यावर २०११ चा कायदा आहे आणि २०२३ मध्ये तो कडक झाला. रस्त्याकडेला ‘इथे छान आहे’ म्हणून थांबता येत नाही. नगरपालिकेच्या बहुतेक जागांवर फक्त ‘सेल्फ कंटेन्ड’ गाडीलाच परवानगी असते. म्हणजे गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय हवं, पलंग उघडलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे, आणि तीन दिवस पुरेल इतकं पाणी व सांडपाण्याची टाकी हवी. अशा गाडीला हिरवं कार्ड असतं. ते आहे का आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे हे गाडी ताब्यात घेतानाच बघा. चुकीच्या जागी झोपलात तर दंड ४०० न्यूझीलंड डॉलरपासून सुरू होतो. तळ्याकाठी पाटी असेल तर ती पूर्ण वाचा. ‘फक्त स्वयंपूर्ण गाड्या’, ‘दोन रात्री’, ‘सकाळी आठपर्यंत’ अशा अटी एकाच पाटीवर असतात. कॅम्परमेट हे फुकटचं ॲप जागा आणि त्यांचे नियम दाखवतं, डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाणी आणि शौचालयाची पेटी रिकामी करायच्या जागाही, त्यातच सापडतात. तरी जागेवरची पाटी आणि ॲप यांत फरक असेल तर पाटी खरी.

टेकापोच्या दगडी चर्चच्या आवारात रात्री गाडी लावून तारे बघायचे, असा बेत कुणी सुचवला तर तो सोडा. तिथे मुक्कामाला परवानगी नाही. आकाश तेच गावातल्या पार्कमधूनही दिसतं: २०१२ पासून हा सगळा भाग रात्रीच्या काळोखासाठी राखीव आहे आणि गावातले दिवेही झाकलेले आहेत.

पायरी ४ : व्हॅन निवडताना

‘सहा जणांची’ याचा अर्थ सहा जण झोपू शकतात. सहा जण सामानासकट सुखाने राहू शकतात असा नाही. हिवाळ्यात सगळे आतच असतात, वर ओले बूट, जाड जॅकेटं. चौघांनी सहाची घ्यावी, दोघं मोठे आणि एक लहान मूल असेल तर चारची पुरे. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलांना फार आवडतो. आजोबांना रात्री तिथून उतरवणं धोक्याचं. त्यांच्यासाठी मागचा पलंग ठेवा, आणि तो रोज उचलावा लागणार नाही अशी रचना मागा.

बुकिंगच्या वेळी हे विचारा. इंजिन बंद असताना आणि वीज जोडलेली नसताना चालणारा हीटर आहे का? फक्त विजेवर चालणारा असेल तर बिनविजेची रात्र विसरा. बर्फाच्या साखळ्या मिळतील का, आणि त्या कोणत्या चाकांना लावायच्या? इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर पुढे, मागची फिरवत असेल तर मागे. गाडी ताब्यात घेताना कंपनीच्या आगारातच एकदा स्वतः लावून बघा. बर्फात, हातमोजे घालून, सूचनापत्रक वाचत पहिल्यांदा लावायला जाल तर अर्धा तास जाईल. कोणते रस्ते विम्यात नाहीत? क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड बहुतेक करारांत वगळलेला असतो. डिझेल गाडीवर किलोमीटरप्रमाणे रस्ता कर लागतो. तो भाड्यात धरला आहे की शेवटी वेगळा घेणार, हेही लेखी घ्या.

सातव्या वाढदिवसापर्यंत मुलाला मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचं आहे. व्हॅनमधल्या प्रत्येक सीटवर ते बसत नाही. आडव्या तोंडाच्या सीटवर तर नाहीच. मुलांची वयं सांगून कोणत्या सीटवर कोण बसेल हे कंपनीकडून आधी कळवून घ्या. आणि गाडी चालू असताना मागे उठून चहा करणं, डबा काढणं बंद. सगळ्यांना पट्टा लागतो.

वाहन परवाना इंग्रजीत असेल तर चालतो, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, काउंटरवरचा वेळ वाचतो. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची आहे, ही मोठी सोय. नवं वाटेल ते एकेरी पुलांचं: लाल कडेच्या गोल पाटीवर तुमचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं, निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण असेल तर पहिला मान तुमचा. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, म्हणून पुलावर ब्रेक दाबायची वेळ येऊ देऊ नका.

पायरी ५ : मुक्काम मांडा

या फेरीत डोंगर आधी आणि समुद्रकिनारा शेवटी ठेवा. उलट केलं तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तुम्ही लिंडिसच्या पलीकडे असाल आणि रस्ता बंद असेल. किनाऱ्याने परत येताना डनेडिनच्या उत्तरेला किलमॉग टेकडीवर कधीतरी बर्फ पडतो, पण तो रस्ता लवकर मोकळा होतो.

पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच. भारतापेक्षा इथलं घड्याळ हिवाळ्यात साडेसहा तास पुढे असतं, आणि लांबच्या विमानप्रवासानंतर परक्या रस्त्यावर मोठी गाडी चालवायची नाही. भाड्याची आगारं संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून दुपारनंतर उतरत असाल तर त्या रात्री हॉटेल आणि सकाळी गाडी. त्याच सकाळी किराणा भरा. शहरात भारतीय दुकानं आहेत. पुढे टेकापोपर्यंत गावं छोटी आणि दुकानं त्याहून छोटी.

दुसरी रात्र टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर. या फेरीतला हा तसा लांब दिवस, पण रस्ता सोपा. विजेची जागा घ्या, संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसा.

तिसरी रात्र माउंट कुककडे. पुकाकी तळ्याच्या काठाने ५५ किलोमीटरचा रस्ता थेट आओराकीच्या, म्हणजे माउंट कुकच्याच, दिशेने जातो. दिवसभर ढग नसतील तर गाडी चालवणाऱ्यावर अन्याय होतो, म्हणून ठरवून थांबा. इथे दोन पर्याय: व्हाइट हॉर्स हिल, डॉकचा कॅम्प, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, वीज नाही. किंवा तळ्याच्या वरच्या टोकाशी ग्लेनटॅनरला खाजगी पार्क, वीज आहे. तुमची एकुलती एक बिनविजेची रात्र खर्च करायची असेल तर ती इथे करा. वारा सुटणार असेल तर ग्लेनटॅनर. आणि वाऱ्यात दार उघडताना हाताने घट्ट धरा. दारं उलटी वाकणं हा इथला नेहमीचा अपघात आहे आणि विमा तो भरेलच असं नाही.

चौथी रात्र ओमारामा. लोक इथे थांबत नाहीत, सरळ वानाका गाठतात. मी थांबायला सांगतो, कारण हे लिंडिसच्या अलीकडे आहे. गाव लहान असलं तरी पंप आहे, पार्क आहे, गरम पाण्याचे टब आहेत. हवामान उद्या बिघडणार असेल तर नियम उलटा करा: आजच दुपारी, उजेड असेपर्यंत, घाट ओलांडून वानाकाला जा.

पुढच्या दोन रात्री वानाका. एका जागी दोन रात्री हे हिवाळ्यात चैनीचं वाटलं तरी गरजेचं आहे. कपडे वाळतात, मुलं धावतात, चालक विश्रांती घेतो. नंतर दोन रात्री क्वीन्सटाउन किंवा शेजारचं ॲरोटाउन. क्वीन्सटाउनमध्ये मोठ्या व्हॅनला पार्किंग मिळणं अवघड, म्हणून गाडी हॉलिडे पार्कमध्ये लावून शहरात बसने फिरा. ही एक जागा आठवडे आधी आरक्षित करा. जूनचा पहिला सोमवार इथे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते. त्या जोडसुट्टीला आणि मातारिकीच्या सुट्टीलाही जागा भरतात. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. पहाटे ईशान्येला त्या पुन्हा दिसू लागल्या की माओरी नववर्ष सुरू होतं, आणि २०२२ पासून त्याची राष्ट्रीय सुट्टी असते. तारीख चांद्रमासाप्रमाणे बदलते, जून-जुलैत येते.

टे आनाऊला दोन रात्री ठेवा आणि जमलं तर तिसरी मोकळी सोडा. मिलफर्डचा रस्ता एखादा दिवस बंद राहिला तर ती कामी येते. राखीव दिवस ठेवायची जागा हीच. नाही लागला तर तो डनेडिनला खर्च करा.

टे आनाऊ ते डनेडिन २९० किलोमीटर, फेरीतला सर्वांत लांब पल्ला. मोठा घाट नाही, मेंढ्यांची सपाट कुरणं. वाटेत गोरला जेवा. जमणार नाही असं वाटलं तर तिथेच झोपा. डनेडिनची बाल्डविन स्ट्रीट जगातल्या सर्वांत चढाच्या रस्त्यांत गणली जाते. ती पायी चढा. नंतर ओमारू, वाटेत मोएराकीचे गोल दगड, संध्याकाळी समुद्रातून परतणारे छोटे निळे पेंग्विन. तिथून क्राइस्टचर्च अडीचशे किलोमीटर, सपाट रस्ता. शेवटची रात्र विमानतळाजवळच काढा.

पायरी ६ : थांबल्यावरची तासाभराची कामं

मुक्कामाच्या गावात शिरतानाच डिझेल भरा. बहुतेक व्हॅनमध्ये डिझेल हीटर गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो, आणि टाकी पावभागाच्या खाली गेली की त्याला इंधन मिळणं थांबतं. दुसरं कारण असं की साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं. डोंगराळ भागातल्या पंपांवर हिवाळ्यात तिथल्या थंडीला चालणारं डिझेल विकतात. कोमट किनाऱ्यावर भरलेल्या टाकीने मॅकेन्झीच्या पठारावर, म्हणजे टेकापोच्या परिसरात, रात्र काढू नका. तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

पाणी उजेडात भरा आणि नळी लगेच काढून, रिकामी करून आत ठेवा. रात्रभर नळाला जोडून ठेवलेली नळी सकाळी काठीसारखी कडक होते. दोन-तीन बाटल्या पिण्याचं पाणी गाडीच्या आत वेगळं ठेवा, म्हणजे टाकीचा नळ गोठला तरी सकाळचा चहा अडत नाही. शौचालयाची पेटी रोज किंवा एक दिवसाआड डम्प स्टेशनवर रिकामी करावी लागते. हे काम कोणाचं, हे भारतातून निघतानाच ठरवून या. इथे ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

समोरच्या काचेला आतून जाड पडदा लावा. सकाळी बाहेरच्या बर्फावर उकळतं पाणी ओतायचं नाही, काच तडकते. खरवडणी नसेल तर जुनं प्लॅस्टिकचं कार्ड चालतं.

गॅसची शेगडी उब मिळवण्यासाठी कधीही पेटवायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. झोपताना छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. थंडी आत येईल या भीतीने लोक ती बंद करतात आणि सकाळी सगळ्यांच्या श्वासाचं पाणी काचांवरून गाद्यांवर उतरलेलं असतं.

स्वयंपाक

भात, वरण, कुकरच्या शिट्ट्या: आपला साधा स्वयंपाकही व्हॅनमध्ये ढगभर वाफ करतो, आणि फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. म्हणून रात्रीचा स्वयंपाक पार्कच्या सामाईक स्वयंपाकघरात करा. तिथे जागा आहे, उब आहे, मुलांना इतर मुलं भेटतात. उद्याची पोळी-भाजी तिथेच करून घ्या. व्हॅनमध्ये फक्त चहा, दूध, गरम करणं. बिनविजेच्या रात्रीसाठी आदल्या दिवशीची खिचडी डब्यात ठेवा. छोट्या ब्युटेन डब्यांवर चालणारी सुटी शेगडी आणण्याचा मोह होतो; ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, शेगडी फुरफुरून विझते.

घरून आणलेल्या खाऊबद्दल: देशात शिरताना भरायच्या प्रवासी जाहीरनाम्यात प्रत्येक खाण्याचा पदार्थ जाहीर करा. मसाला, लोणचं, लाडू, चिवडा, देवघरातली सुपारी, वाळलेली फुलं, सगळं. जाहीर केलेल्या वस्तूवर दंड नसतो, फार तर ती काढून घेतात. न सांगितल्यास जागेवर ४०० डॉलर. मध आणू नका, फळं विमानातच संपवा. ट्रेकचे बूट धुऊन आणा, तळव्याची माती बघतात.

रोज सकाळी

निघण्याआधी दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा, म्हणजे मेटसर्व्हिसचा घाटरस्त्यांवरच्या बर्फाचा इशारा, आणि राष्ट्रीय महामार्ग संस्थेच्या नकाशावर रस्ता उघडा आहे का. फोनवरून ०८०० ४४ ४४ ४९ वर हीच माहिती फुकट मिळते. तातडीच्या मदतीला १११. ‘चेन आवश्यक’ असं लिहिलं असेल आणि तुम्हाला त्या लावायचा आत्मविश्वास नसेल तर त्या दिवशी निघू नका. पार्कच्या ऑफिसात सांगा, आणखी एक रात्र बहुतेक मिळते. क्वीन्सटाउन सोडलं तर जूनमध्ये जागेची अडचण क्वचित येते, म्हणून बाकीची आरक्षणं बदलता येतील अशीच करा.

रस्त्यावर ओलसर काळपट चमक दिसली आणि चाकांचा आवाज एकदम कमी झाला तर ते पारदर्शक बर्फ आहे असं समजा. ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुपटीहून जास्त अंतर ठेवा. मागे गाड्यांची रांग लागली तर संकोच नको आणि घाईही नको, पुढच्या ‘स्लो व्हेइकल बे’मध्ये डावीकडे होऊन त्यांना जाऊ द्या.

गाडी परत करायच्या दिवशी आगारात पोहोचण्याआधी सांडपाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी, डिझेल पूर्ण भरलेलं आणि आत झाडलेलं असावं लागतं, नाहीतर वेगळे पैसे लावतात. ओमारूहून त्याच दिवशी येऊन हे सगळं करणं जमत नाही. म्हणून शेवटच्या रात्री विमानतळाजवळचं असं पार्क घ्या जिथे डम्प स्टेशन आवारातच आहे, आणि उरलेलं तांदूळ-डाळ तिथल्या स्वयंपाकघरातल्या ‘घेऊन जा’च्या फळीवर ठेवा.